घरातली बारा बोअर

1976 च्या हिवाळ्यात पुण्यातले रस्ते अंधार पडला की ओस पडू लागले. 31 ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातल्या तिघांचा खून झाला होता. 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृतचे थोर अभ्यासक काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्या बंगल्यात एका रात्रीत पाच जण मारले गेले. मारेकरी टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातली मुलं होती, हे पुढे उघड झालं. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी झाली. पण मधल्या काळात या शहराने जी भीती अनुभवली, ती त्या पिढीच्या मनातून गेली नाही. आपण घरात बसलेलो असताना मरण दारातून आत येऊ शकतं, हे पुण्याला तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून कळलं.

घराच्या रक्षणासाठी बंदूक घ्यावी का, घेतली तर कोणती आणि ती घरात ठेवायची कशी, याचा विचार करताना मी याच घटनांपासून सुरुवात करतो. कारण त्या नीट पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. मारेकऱ्यांनी कडीकोयंडा तोडला नव्हता. अभ्यंकरांच्या दाराची घंटा वाजली, घरातल्या तरुण नातवाने दार उघडलं आणि ते आत शिरले. पुढचं सगळं काही क्षणांत त्यांच्या ताब्यात गेलं. आतल्या खोलीतल्या कपाटात त्या रात्री उत्तम बंदूक असती, तरी कपाटापर्यंत पोचणार कोण? त्याआधी नऊच दिवस, 22 नोव्हेंबरला, याच टोळीचा शंकरशेठ रस्त्यावरच्या एका बंगल्यातला प्रयत्न फसला होता. घरातल्या माणसांनी आणि नोकरांनी झटापट केली आणि हल्लेखोर कुंपणावरून पळाले. बंदूक तिथेही नव्हती.

म्हणून इथे बंदुकीइतकंच दाराबद्दल बोलायचं आहे. जुन्या पुण्याला हे शास्त्र ठाऊक होतं. पेठेतल्या वाड्याला मोठा दरवाजा असे, त्यात एका माणसापुरती दिंडी असे आणि आतून भिंतीच्या खाचेत सरकणारा जाडजूड अडसर असे. दिंडीतून वाकून आत येणारा माणूस आधी डोकं पुढे करतो, त्यामुळे तो कोण आहे हे आतल्या माणसाला कळतं. आजच्या फ्लॅटला हेच काम जाळीचा सुरक्षा दरवाजा, साखळी आणि दारातलं भिंग करतं. या गोष्टींनी जो वेळ मिळतो, तो वेळ नसेल तर लाखाची बंदूकही लोखंडाचा तुकडा ठरते.

आता बंदुकीकडे वळू. बँकेच्या दारात बसलेल्या किंवा एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या रखवालदाराच्या खांद्यावर जी लांब नळीची बंदूक असते, ती बहुधा बारा बोअर. नळीच्या आतल्या व्यासाचे बारा शिशाचे गोळे मिळून एक पौंड भरतात, यावरून हे माप पडलं. तो व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारख्या पिळाच्या खाचा तिला नसतात. म्हणून ती एकच गोळी फिरवत लांब फेकण्यापेक्षा पुष्कळ छर्रे थोड्या अंतरावर टाकायला बनलेली आहे. या बंदुकीशी पुण्याचं नातं मोठं जुनं आहे. 1869 मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसंही बनत आली. काडतुसाच्या पितळी बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं म्हणजे याच कारखान्याची खूण. 2021 मध्ये सरकारी आयुध कारखान्यांची सात कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हा दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आलं.

भारतात शस्त्राचा विषय निघाला की कायद्याचा इतिहास आठवतो. 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात झालेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं आणि युरोपियनांना मात्र सूट दिली. तो अपमान टिळकांच्या पिढीला कायम सलत राहिला. स्वतंत्र भारताचा 1959 चा शस्त्र अधिनियम त्या जागी आला, 1962 पासून लागू झाला आणि त्याने एक फरक केला, जो आजही बहुतेकांना माहीत नसतो. तेराव्या कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितलेल्या, किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीला पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपेक्षा वेगळी, मोकळी वागणूक आहे. पिस्तुलासाठी ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. लांब नळीच्या बंदुकीचं कलम त्या मानाने नागरिकाच्या बाजूने लिहिलेलं आहे. शेताच्या राखणीसाठी लागणारी ठासणीची बंदूकही त्याच ओळीत येते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्यांच्या घरी ती अजून दिसते. चौदाव्या कलमात आणखी एक सुंदर तरतूद आहे: केवळ मालमत्ता पुरेशी नाही म्हणून कुणाला परवाना नाकारता येत नाही. सार्वजनिक शांतता, अर्जदाराची मानसिक स्थिती, त्याची पूर्वपीठिका ही नकाराची कारणं होऊ शकतात, आणि नकार दिला तर अधिकाऱ्याने त्याची कारणं लेखी नोंदवायची असतात.

कागदावर असं असलं तरी परवाना सहज मिळतो, असा समज करून घेऊ नये. पुणे शहरात परवाना देणारा अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय 2018 मध्ये वेगळं झालं, तिकडचा अर्ज तिकडे. ग्रामीण भागात जिल्हाधिकारी हे काम पाहतात. वय किमान 21 वर्षं लागतं. स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते, शेजारीपाजारी विचारणा होते, जिवाला नेमका धोका काय हे पाहिलं जातं. 2016 च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय या दोन्ही गोष्टींना महत्त्व दिलं आणि प्रत्येक परवानाधारकाला देशव्यापी नोंदणीत एक क्रमांक आला. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवण्याची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा वाढली. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीसारख्या गावांतून येणारे गावठी कट्टे पुण्यातल्या टोळ्यांकडे सापडत असतात. ‘स्वसंरक्षणासाठी घेतला’ ही सबब कोर्टात टिकत नाही. शिवाय असा कट्टा झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो.

परवाना मिळाला असं धरू. दुकानात गेल्यावर समोर साधारण तीन प्रकार येतात: एकनळी, दुनळी आणि पंप अ‍ॅक्शन. परदेशी बंदुकांची खासगी आयात 1980 च्या दशकापासून जवळपास बंद आहे, म्हणून नवी घ्यायची तर निवड मुख्यतः देशी बनावटीतूनच. इच्छापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची दुनळी त्यात जुनी आणि माहितीची. अर्धस्वयंचलित बंदुका नियमांनी कडक वर्गात टाकल्या आहेत, त्यांचा विचार घरासाठी करू नये.

माझं मत दुनळीच्या बाजूने आहे, आणि तेही तिच्या साधेपणासाठी. कळ दाबली की ती मधोमध मोडते आणि दोन्ही नळ्यांत काडतूस आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं, अंधारात बोटांना कळतं. पंप अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात दडलेली असतात. पुढची मूठ मागेपुढे ओढायची सवय नसेल तर घाबरलेला माणूस ती अर्धीच ओढतो आणि बंदूक अडकते. चार-सहा काडतुसांची सोय हा तिचा गुण खरा, पण ती सफाईने चालवायला सराव लागतो. भारतात तो सराव करायला जागा आणि काडतुसं दोन्ही मोजकी. एका वेळी किती काडतुसं ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. वर्षातून दोनदा हाताळल्या जाणाऱ्या शस्त्रात जितक्या कमी हालचाली, तितकं बरं.

दस्त्याची लांबी आपल्या हाताला जुळते का, हे दुकानातच पाहावं. बंदूक खांद्याला लावल्यावर मान ताणावी लागत असेल किंवा चाप गाठायला बोट लांबवावं लागत असेल तर ती आपल्यासाठी नाही. घरात दोन माणसं परवानाधारक असतील तर दोघांमध्ये जो लहान चणीचा असेल त्याच्या मापाने बंदूक घ्यावी. उंच माणूस आखूड दस्त्याची बंदूक निभावून नेतो, उलटं होत नाही. बारा बोअरचा धक्का जबर असतो. नीट न धरलेल्या बंदुकीने खांदा काळानिळा होतो आणि दुसरा बार कुठे जाईल याचा नेम राहत नाही.

नळीच्या लांबीवर थोडं थांबायला हवं. कायद्याने वीस इंचांपेक्षा आखूड नळी चालत नाही आणि बाजारातल्या बहुतेक बंदुकांच्या नळ्या त्याहून बऱ्याच लांब असतात. दस्ता धरून अख्खी बंदूक साडेतीन-पावणेचार फुटांची होते. पुण्यातल्या साध्या फ्लॅटमधला पॅसेज तीन-साडेतीन फूट रुंद. म्हणजे स्वयंपाकघरातून बेडरूमकडे वळताना ही बंदूक आडवी होऊच शकत नाही. नळी कापून घ्यावी असा सल्ला देणारे लोक भेटतात. नळी आखूड करणं हा सहाव्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे, कुणाच्याही सांगण्यावरून ते करू नये. लांब बंदूक घेऊन खोल्याखोल्यांतून चोर शोधत फिरायचं नसतं. एका खोलीत सगळ्यांना एकत्र करायचं, दार आतून लावायचं, 112 ला फोन करायचा आणि दाराकडे तोंड करून थांबायचं. बंदुकीच्या मदतीने घर राखण्याची एवढीच शहाणी रीत आहे.

‘छर्रे पसरतात, नेम धरायची गरज नाही’ हा समज सिनेमांनी रुजवला आहे. मोकळ्या चोकच्या, म्हणजे तोंडाशी न आवळलेल्या नळीतूनही छर्रे साधारण मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर पसरतात. हॉलमधलं अंतर तीन ते पाच मीटर. म्हणजे सगळे छर्रे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत पोचतात. नेम चुकला तर सगळेच चुकतात आणि मग ते कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे. काडतुसावरचा नंबर मोठा तितका छर्रा लहान. एसजी आणि एलजी हे मोठ्या गोळ्यांचे प्रकार, एसजीतला गोळा जवळपास साडेआठ मिलिमीटरचा. असा गोळा फ्लश डोअर, प्लायवुडचं कपाट आणि खिडकीची काच भेदून पलीकडे जातो. नऊ इंची विटांची भिंत त्याला अडवेल, पण दोन खोल्यांमधली चार इंची भिंत आणि तिच्यातलं दार यांच्यावर विसंबता येत नाही. दाराच्या मागे मुलं झोपली आहेत का, समोरच्या फ्लॅटचं दार आपल्या दाराच्या रेषेत आहे का, हे दिवसाउजेडी घरभर फिरून पाहून ठेवावं लागतं. ज्या घरात कुठूनही उभं राहिलं तरी नेमाच्या मागे कुणीतरी माणूस येतो, त्या घरात बंदूक झाडण्यासारखी जागाच नाही. पुण्यातली बहुतेक घरं अशी आहेत.

बंदुकीला विजेरी बसवायची टूम परदेशातून आली आहे. तिच्यात एक दोष आहे: कोण आहे हे पाहायला नळी त्याच्यावर रोखावी लागते. रात्री दोन वाजता हॉलमध्ये पाणी प्यायला उठलेला मुलगा असू शकतो, गावाहून लवकर आलेले काका असू शकतात. त्यापेक्षा पॅसेजचा दिवा बेडरूममधून लागेल अशी सोय इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी आणि हातात वेगळी विजेरी ठेवावी.

आता त्या घरांबद्दल, जिथे बंदूक विकत घ्यायचा प्रश्नच नाही, कारण ती आधीपासून आहे. देशमुख, पाटील, इनामदार घराण्यांत, जुन्या शिकारी मंडळींच्या घरी आजोबांची बर्मिंगहॅमची किंवा बेल्जियमची दुनळी असते. तिच्यावर सगळ्यांचा जीव असतो. 2016 च्या नियमांत वारसाहक्काची सोय आहे: परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर अथवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगून झाल्यावर, कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण अशी बंदूक झाडण्याआधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराला दाखवावी. नळीवर नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेली दमास्कस नळी असू शकते. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. आजच्या काडतुसाचा दाब तिला सोसेल याची खात्री नाही. शिवाय जुन्या इंग्रजी बंदुकांची काडतुसाची खोली अडीच इंचांसाठी केलेली असते आणि आज मिळणारी पुष्कळ काडतुसं पावणेतीन इंचांची असतात. ती आत बसतात, पण फुटताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या खाली कोरलेल्या चाचणीच्या खुणांवरून हे सारं वाचता येतं. शंका असेल तर बंदूक कायमची निकामी करून घेण्याची किंवा जमा करण्याची वाट कायद्यात आहे.

ठेवण्याबाबत तडजोड नको. भिंतीत बोल्ट ठोकून बसवलेलं लोखंडी कपाट, बंदूक रिकामी, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या फक्त परवानाधारकाकडे. देवघरामागे, गादीखाली, माळ्यावर हे चालणार नाही. घरकाम करणाऱ्या बाईंना आणि पाहुण्यांच्या पोरांना या जागा आपल्याआधी माहीत होतात. पुण्याच्या पावसाळ्यात नळीला आतून गंज धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तेलाचा बोळा फिरवावा. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांकडून शस्त्रं जमा करून घेतली जातात. कुणाला सूट द्यायची हे छाननी समिती ठरवते. नोटीस आली की पोलीस ठाण्यात बंदूक देऊन पावती घ्यावी आणि निकालानंतर ती परत आणायला विसरू नये.

चाप ओढण्याचा अधिकार नेमका कधी असतो? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 ही कलमं खासगी बचावाची आहेत. जुन्या दंड संहितेतल्या 96 ते 106 चाच तो वारसा. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा ठरत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून आत शिरणाऱ्याच्या बाबतीतही हा अधिकार मृत्यू घडवण्यापर्यंत जातो. मात्र 37 वं कलम त्याला वेसण घालतं: बचावाला आवश्यक तेवढीच इजा, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा अधिकार नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराची तत्त्वं सविस्तर मांडली. भेदरलेल्या माणसाने प्रत्येक घाव तोलूनमापून घालावा अशी न्यायालयांची अपेक्षा नसते, पण सूड आणि बचाव यांत ती काटेकोर फरक करतात. चोर गॅलरीतून उडी मारून पळत सुटला, त्याच्या पाठीत छर्रे घातले, तर ‘तो माझ्या घरात होता’ एवढं म्हणणं पुरत नाही. घाबरवायला हवेत बार काढणंही धोक्याचं: बेदरकार गोळीबाराने कुणाचा जीव धोक्यात घातला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 2024 मध्ये मुळशीतल्या जमिनीच्या वादात पिस्तूल दाखवल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा गुन्हा दाखल झाला आणि अटकही झाली. गोळी सुटायची गरजच पडली नाही.

बाहेरच्या माणसाची भीती मनात धरून आणलेली बंदूक राहते मात्र घरच्यांसोबत. वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्री ती घरातल्या भांडणाच्या, दारूच्या, नैराश्याच्या शेजारी असते. अमेरिकेत आर्थर केलरमन यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका 2.7 पट आढळला, आणि मारणारे बहुतेक वेळा कुटुंबातले किंवा ओळखीचे होते. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक प्रौढांची माहिती तपासणाऱ्या 2020 च्या अभ्यासात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठ पट निघालं, स्त्रियांत पस्तीस पट. ही अमेरिकेची आकडेवारी आहे, तिथली बंदूकसंस्कृती वेगळी, हे खरं. पण रागाचा किंवा निराशेचा झटका पुण्यातही काही मिनिटांचाच असतो. जुलै 2023 मध्ये बाणेरमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने पहाटे घरातच पत्नी आणि पुतण्यावर गोळ्या झाडल्या आणि स्वतःचंही आयुष्य संपवलं. शस्त्र कसं हाताळायचं हे त्या माणसाला शिकवायची गरज नव्हती. म्हणून घरात कुणी मानसिक आजाराशी झुंजत असेल, कुणाला व्यसन असेल, नवराबायकोत मारहाणीपर्यंत गोष्टी गेल्या असतील, तर त्या घरात बंदूक नको. आधीपासून असेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. तेवढ्यासाठी कुणी नावं ठेवत नाही.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडच्या वाचकांसाठी दोन शब्द वेगळे. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. स्वसंरक्षणाच्या परवान्याने त्याला मारण्याची मुभा मिळत नाही. स्वतःवर किंवा दुसऱ्यावर हल्ला होत असताना सद्भावनेने केलेल्या बचावाला तेवढं संरक्षण आहे. उसाच्या कडेचं घर बंदिस्त करणं, अंगणात दिवा आणि मुलांना संध्याकाळनंतर एकटं न सोडणं याला तिथे पर्याय नाही.

माझा निष्कर्ष सरळ आहे. कोथरूड, हडपसर, वारज्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने घराच्या रक्षणासाठी बंदूक घेऊ नये. भिंती पातळ, शेजार जवळ, आणि मदतही फोनच्या टप्प्यात. पानशेतकडे किंवा पुरंदरच्या माळावर एकट्या शेतघरात राहणाऱ्या, आधी कुंपण, कुत्रा, दिवे, दार सगळं करून झालेल्या आणि सरावाला वेळ देणाऱ्या निरोगी माणसाला दुनळीचा विचार करता येईल. आणि घरात आजोबांची बंदूक असेल, तर आज संध्याकाळी परवाना काढून त्यावरची मुदत बघा. मुदत संपलेल्या परवान्याची बंदूक कायद्याच्या नजरेत विनापरवानाच असते.